सागरसाक्षरतेच्या शिक्षणात स्थानिक समुद्राच्या नोंदी: पार्श्वभूमी

अमेरिकेत १९९६ मध्ये विज्ञानशिक्षणाची राष्ट्रीय मानके प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांत समुद्राला फारच थोडी जागा मिळाली होती. ही उणीव भरून काढण्यासाठी समुद्रशास्त्रज्ञ आणि शिक्षक २००४ मध्ये एका ऑनलाइन कार्यशाळेत एकत्र आले आणि त्या विचारविनिमयातून पुढच्या वर्षी सागरसाक्षरतेची सात मूलतत्त्वे व त्यांखालच्या ४४ संकल्पना निश्चित झाल्या. समुद्राचा आपल्यावर आणि आपला समुद्रावर होणारा परिणाम समजणे म्हणजे सागरसाक्षरता, ही तेव्हाची व्याख्या आजही प्रचलित आहे. युनेस्कोने २०१७ मध्ये या विषयाची मार्गदर्शिका काढली आणि त्यानंतर २०२१ ते २०३० या महासागर दशकाच्या कार्यक्रमातही त्याला स्थान मिळाले.

मूलतत्त्वे पाठ करता येतात, पण ती पटण्यासाठी पुरावा लागतो. तो पुरावा ज्या नोंदींतून मिळतो, त्यांची परंपरा सागरसाक्षरतेच्या कल्पनेपेक्षा कितीतरी जुनी आहे आणि ती शाळेसाठी सुरूच झालेली नव्हती. मुंबईत अपोलो बंदरावर भरतीमापकाच्या नोंदी १८७८ पासून आहेत. अशा मापकांचा उपयोग जहाजांची ये-जा, गोदीची कामे आणि भरती-ओहोटीची कोष्टके यांसाठी होता. त्या कोष्टकांतले पंधरा दिवसांचे आकडे विद्यार्थ्याने आलेखावर मांडले, तर अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणारे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग, म्हणजे कमी उंचीची भरती, त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो. शंभराहून अधिक वर्षांच्या सरासऱ्या मांडल्या, तर समुद्राची पातळी वर्षाला सुमारे एक मिलिमीटरने चढत गेल्याचे दिसते. मात्र हा चढ एखाद्या दशकाच्या आकड्यांत सहज हरवतो, कारण वर्षावर्षांतले चढउतार त्याहून मोठे असतात. दीर्घ नोंद कशासाठी ठेवायची, हे यापेक्षा नेमकेपणाने शिकवणारे उदाहरण मला माहीत नाही.

किनाऱ्यावरच्या विखुरलेल्या नोंदी एकत्र आणून लोकांपुढे ठेवण्याचे काम अमेरिकेत प्रादेशिक संघटनांकडे आले. २००९ च्या कायद्याने समुद्रनिरीक्षणाच्या राष्ट्रीय यंत्रणेला अधिष्ठान मिळाले. या यंत्रणेत अकरा प्रादेशिक संघटना असून वॉशिंग्टन आणि ओरेगॉनच्या किनाऱ्याचे काम नॅनूस ही संघटना पाहते. या नोंदींचे मोल लोकांना पटले ते एका संकटामुळे. २००७-०८ मध्ये ओरेगॉनच्या नेटार्ट्स उपसागरावरील बीजनिर्मिती केंद्रात कालवांची पिल्ले मोठ्या प्रमाणावर मरू लागली. सुरुवातीला संशय जिवाणूंवर होता. पुढे पाण्याची रासायनिक मोजणी झाली तेव्हा उलगडले की, उन्हाळ्यातल्या उत्तरेकडच्या वाऱ्यांमुळे पृष्ठभागाचे पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलले जाते, त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइडने भरलेले खोल, थंड पाणी वर येते आणि त्या पाण्यात पिल्लांना कवच घडवणे कठीण जाते. त्यानंतर केंद्रातले लोक मोजणी पाहून पाणी घेऊ लागले आणि त्याची आम्लता घटवण्यासाठी गरजेप्रमाणे त्यात सोडियम कार्बोनेट मिसळू लागले. वारा, तापमान आणि कार्बन डायऑक्साइड यांचे आलेख एकाखाली एक ठेवले की ही साखळी वर्गात उलगडून दाखवता येते, आणि ओरेगॉनच्या मुलांसाठी तो समुद्र त्यांच्या गावचाच असतो.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही खालचे पाणी वर येते, फक्त ते नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर १९६६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने गोव्यात कांदोळीच्या समोर, तीस मीटरहून कमी खोलीच्या पाण्यात, १९९७ पासून नियमित मोजणी चालवली. मे महिन्यात तिथे तळापर्यंत प्राणवायू असतो. पावसाळ्यात मात्र प्राणवायू कमी असलेले थंड पाणी तळाशी सरकते, पाऊस आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर वर पसरतो आणि दोन्हींची घुसळण थांबते. सप्टेंबरच्या सुमारास तळाचा प्राणवायू संपून हायड्रोजन सल्फाइडही तयार होतो. पावसाळा सरला की पाणी पुन्हा घुसळले जाते व तळाशी प्राणवायू परततो.

मे, सप्टेंबर आणि डिसेंबर या तीन महिन्यांचे आलेख शेजारी ठेवले, तर पाऊस, वारा, नदी आणि समुद्र यांचा संबंध माध्यमिक शाळेतल्या मुलालाही उमगेल. याच किनाऱ्याविषयी २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, शेतातल्या खतांतून वाहून येणाऱ्या पोषकद्रव्यांमुळे ही प्राणवायूची टंचाई वाढत असावी, असे मांडले गेले. मोसमी वाऱ्यांचा वाटा किती आणि माणसाचा किती, हे वेगळे काढायचे तर एका पावसाळ्याच्या मोजणीवर भागत नाही. त्यासाठी त्याच ठिकाणी, वर्षानुवर्षे घेतलेल्या नोंदीच लागतात.