तलावातला 'राक्षसी मासा' आणि त्याच्या पाठीवरच्या काड्या

मे महिन्यात आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. पाझर तलावात जाळं टाकणाऱ्या एका भोई काकांच्या हातात काळपट, खरबरीत, मगरीच्या कातडीसारखा दिसणारा मासा, तोंड पार खालच्या बाजूला, आणि खाली लिहिलेलं, "समुद्रातला राक्षसी मासा आपल्या तलावात, मोठ्या संकटाची चाहूल, पुढे पाठवा." तासाभरात तोच व्हिडिओ आणखी तीन ग्रुपवरून माझ्याकडं परत आला, एकानं तर यंदा पाऊस पडणार नाही असंही जोडून दिलं होतं. मी संभाजीनगरहून गाडी काढली आणि सरळ गावाकडं गेलो, कारण घरी फिश टँक ठेवायचा नाद मला पंधरा वर्षांपासून आहे आणि तो मासा मी बघताक्षणी ओळखला होता, माझ्या पहिल्या टँकमधे तोच होता.

पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. मासा एका घमेल्यात ओल्या पोत्याखाली पडलेला. काका म्हणाले, "सकाळी सातला काढलाय सर, अजून मेला नाही. रोहू असता तर कवाच गेला असता. हा कामून मरत नसंल हो?"

हा प्रश्न लई भारी आहे, आणि या लेखातला निम्मा भाग मी त्याच्यावरच घालवणार आहे. पण आधी हा मासा कोण ते बघू.

कॅटफिश म्हणजे मिशावाले मासे. जगात यांच्या तीन हजारांहून जास्त प्रजाती आहेत, आपला शिंगाळा, देशी मागूर हे पण त्यातलेच. दुकानात ज्याला नुसतं 'सकर' म्हणतात तो दक्षिण अमेरिकेतल्या लोरिकॅरिइडी नावाच्या कुळातला, आणि या एका कुळात हजाराच्या आसपास प्रजाती आहेत. अंगावर खवले नाहीत, त्याऐवजी हाडाच्या पट्ट्या ओळीनं बसवलेल्या, आणि त्या पट्ट्यांवर बारीक बारीक दात. अक्षरशः दात, आपल्या तोंडातल्या दातासारखेच डेंटीनचे बनलेले, म्हणून हात फिरवला की पॉलिश पेपरसारखं लागतं. दुकानदार दोन इंचाचं पिल्लू देतो आणि सांगतो की हा टँक साफ ठेवतो. तो काचेवरचं शेवाळ खातो हे खरंय, पण दुसऱ्या माशांची घाण तो खात नाही, उलट स्वतःच इतकी घाण करतो की पाणी जास्त वेळा बदलावं लागतं. आणि दोन इंचाचा तो दीड फुटापर्यंत जातो. मग दोन फुटी टँकमधे त्याला वळता पण येत नाही, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं सोडून देऊ नदीत, जीव वाचेल, पुण्य लागेल.

ओळखायचं कसं? दुकानात आणि बऱ्याच पुस्तकांत याला वर्षानुवर्षं 'प्लेको' म्हणत आले, म्हणजे हायपोस्टोमस प्लेकोस्टोमस. पण आज बाजारात जो मिळतो तो बहुतेक वेळा हायपोस्टोमस नसतोच, तो टेरिगोप्लिक्थिस असतो. फरक बघायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. पाठीवरचा पर उभा करा, छत्री उघडल्यासारखा उघडतो, आणि त्यातल्या काड्या मोजा. सगळ्यात पुढं एक जाड काटा असतो तो सोडून मागच्या मऊ काड्या मोजायच्या. सात भरल्या तर हायपोस्टोमस किंवा त्याचे भाऊबंद, नऊ किंवा त्याहून जास्त भरल्या तर टेरिगोप्लिक्थिस. मग टेरिगोप्लिक्थिसमधली जात कोणती ते कळायला उलटा करून पोट बघायचं: सुटे सुटे ठिपके असतील तर पार्डालिस, ठिपके एकमेकांत मिसळून गांडुळांसारखी नक्षी झाली असेल तर डिसजंक्टिव्हस. परक्या पाण्यात या दोघांचा संकर होतो, त्यामुळं पोटावरून कधीकधी नक्की सांगता येत नाही, पण काड्या फसवत नाहीत. काकांच्या माशाला मी आणि त्यांच्या नातवानं मिळून मोजलं, काटा सोडून बारा.

नावांचा घोळ फक्त सकरचा नाही. दुकानात 'शार्क' म्हणून विकतात तो चमकदार मासा शार्क नाही, मेकाँग आणि चाओ फ्राया नद्यांतला पंगस आहे, तो मीटरभराच्या वर वाढतो आणि त्याच्या मूळ नद्यांत आज धोक्यात आहे. सोनेरी 'सकर' म्हणून जो विकतात तो तर बऱ्याचदा कॅटफिशच नसतो. आरपार दिसणाऱ्या ग्लास कॅटफिशला कित्येक वर्षं चुकीच्या शास्त्रीय नावानं विकलं गेलं, त्याला स्वतःचं नाव मिळालं २०१३ साली. आणि ज्याला आपल्याकडं थाई मांगूर म्हणतात, ज्याच्या संवर्धनावर भारतात २००० सालापासून बंदी आहे, तो मुळात आफ्रिकेचा.

आता काकांचा प्रश्न. हा मरत का नाही?

मासा कल्ल्यानं श्वास घेतो हे आपण सातवीत शिकतो. पण पाण्यात ऑक्सिजन किती कमी असतो हे मात्र लक्षात राहत नाही. एक लिटर हवेत साधारण २१० मिलिलिटर ऑक्सिजन असतो. एक लिटर पाण्यात, तेही ३० अंश तापमानाला पूर्ण भरलेल्या पाण्यात, जेमतेम पाच-सहा मिलिलिटर. म्हणजे हवेत जवळजवळ चाळीस पट जास्त. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. त्यात उन्हाळ्यात तलाव आटून हिरवा झाला की दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं, पण रात्री तेच शेवाळ, जंतू, मासे सगळे मिळून तो वापरतात आणि पहाटे पाणी पार रिकामं होतं. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात ते यामुळंच, आणि सकाळी रोहू-कटल्याचा खच पडतो तो पण बऱ्याचदा यामुळंच. दरवेळी कुणी विष टाकलेलं नसतं.

सकर काय करतो, तर झपकन वर येतो, तोंडानं हवेचा घोट घेतो आणि गिळतो. ती हवा जाते पोटात. जठरात, जिथं आपलं जेवण जातं तिथं. त्याच्या जठराची भिंत फुग्यासारखी पातळ असते आणि तिच्यात केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, रक्त आणि हवा यांच्यामधे अगदी नावाला पडदा. ऑक्सिजन तिथून सरळ रक्तात उतरतो. कार्बन डायऑक्साइड मात्र बहुतेक कल्ल्यातूनच बाहेर जातो, कारण तो पाण्यात सहज विरघळतो, त्याला हवेची गरज नाही. म्हणजे ऑक्सिजन आत यायचं दार वेगळं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर जायचं दार वेगळं. पाण्यात ऑक्सिजन भरपूर असेल तर हा मासा वर येतच नाही, नुसत्या कल्ल्यावर भागवतो, म्हणून टँक असलेल्या बऱ्याच लोकांनी हे कधी बघितलेलंच नसतं.

पण इथं एक अडचण आहे आणि ती मला फार आवडते. माशाच्या हृदयातून रक्त निघतं ते आधी कल्ल्यात जातं, तिथून अंगभर, आणि अंगभर फिरून परत हृदयात, एकच फेरा. आपल्यासारखे दोन वेगळे फेरे नाहीत. आता जठरानं हवेतून घेतलेला ऑक्सिजन रक्तात आला, ते रक्त शिरेतून हृदयाकडं गेलं, वाटेत अंगाच्या वापरलेल्या रक्तात मिसळलं, आणि हृदयानं ते कुठं ढकललं? कल्ल्यात. आणि कल्ले तर त्या ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात उघडे! म्हणजे हवेतून कमावलेला ऑक्सिजन कल्ल्यातून पाण्यात गळून जायची वेळ. वायू जिकडं त्याचा दाब जास्त तिकडून कमी दाबाकडं जातो, त्याला मासा जगतो का मरतो याच्याशी देणंघेणं नाही. यावर हवा घेणाऱ्या बऱ्याच माशांत दोन तोडगे दिसतात. एक म्हणजे कल्ल्याचं क्षेत्रफळ कमी ठेवायचं. दुसरा, हिमोग्लोबिन असं ठेवायचं की ते ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतं, कमी दाबातही सोडत नाही, मग कल्ल्यातून जाताना गळती कमी होते. पण घट्ट धरलं की स्नायूंपाशी सोडायला पण त्रास, म्हणून हा सगळा हिशेब काठावरचा असतो. असाही एक विचार आहे की माशाच्या हृदयाला एरवी सगळ्यात शेवटचं, वापरून झालेलं रक्त मिळतं, आणि पोटातून आलेलं ताजं रक्त आधी हृदयातून जात असल्यानं संकटाच्या वेळी हृदय टिकून राहतं. मला हे वाचल्यावर दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

काकांना मी एवढंच सांगितलं की कल्ले ओले राहिले तोवर हा हवेवर जगतो आणि तुम्ही तर पोतं ओलं ठेवलंय. ते म्हणाले, "म्हणजे आमच्या आटलेल्या तळ्यात हाच राहणार म्हणा." अगदी बरोबर. मराठवाड्याचा उन्हाळा, मार्चपासून खाली जाणारं पाणी, गरम हिरवा डबका, यात आपले मासे गुदमरतात आणि हा तग धरतो. थंडी त्याला सोसत नाही, पाणी दहा अंशांच्या आसपास गेलं तर मरतो, पण परभणीत हवा पाच-सहा अंशांवर उतरली तरी मोठ्या तलावाचं पाणी इतकं गार होत नाही.

आणि हा एकटा येत नाही. नर काठाच्या मातीत जवळजवळ मीटरभर खोल बिळं करतो, मादी तिथं शेकड्यांनी अंडी घालते आणि नर राखण करतो. टेक्सास, फ्लोरिडा, मेक्सिकोत या बिळांमुळं काठ ढासळलेत. आपले पाझर तलाव मातीच्या भरावाचे आहेत, म्हणून मला याची जास्त काळजी वाटते. मेक्सिकोतल्या इन्फिएर्निलो धरणात टिलापियाची मोठी मासेमारी चालायची, तिथं जाळ्यात हेच भरायला लागले आणि जाळी पण फाटायला लागली. याचे काटे उभे राहून कुलूप लागल्यासारखे अडकतात, पोर्टो रिकोत पेलिकन पक्षी याला गिळताना घशात अडकून मेलेत. जायकवाडीच्या पक्षी अभयारण्याकडं बघताना मला ते आठवतं. भारतात हा आता नवा राहिलेला नाही, २०२० साली वाराणसीला गंगेत सापडला तेव्हा देशभर बातमी झाली होती. तो समुद्रातून आला नाही, आभाळातून पडला नाही, कुणीतरी बादलीतून नेऊन सोडला. वास्तूसाठी ईशान्य कोपऱ्यात टँक ठेवायचा, मासा मेला तर घरावरचं संकट त्यानं घेतलं म्हणायचं आणि मोठा झाला तर पुण्य म्हणून नदीत सोडायचा, यातल्या एकाही गोष्टीला आधार नाही आणि शेवटची तर सरळ नुकसान करणारी आहे.

याच कुळातला दुसरा एक मासा आहे, त्याची गोष्ट अगदी उलटी. ब्राझीलच्या शिंगू नदीत व्होल्टा ग्रांदे म्हणून एक मोठं वळण आहे, खडक आणि खळाळतं पाणी. तिथं आणि फक्त तिथंच झेब्रा प्लेको राहतो, बोटाएवढा, पांढऱ्यावर काळे पट्टे, हायपनसिस्ट्रस झेब्रा. १९८८ पासून एका जर्मन अ‍ॅक्वेरियम मासिकानं या कुळातल्या नाव नसलेल्या माशांना 'एल' क्रमांक द्यायला सुरुवात केली होती, त्यात हा एल-०४६, शास्त्रीय नाव मिळालं १९९१ साली. मादी एका वेळी दहा-पंधरा अंडी घालते, बस. त्याच नदीवर बेलो मोंते धरण झालं, काम २०११ ला सुरू, २०१६ पासून वीज, क्षमता ११,२३३ मेगावॅट, आणि वळणाचं बरंचसं पाणी कालव्यानं दुसरीकडं वळवलं. वळणात खळाळ कमी झाला, पुराची लय गेली. वर चोरटा व्यापार, पिशव्यांत भरून सीमेपार. २०२२ साली आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापाराच्या करारात त्याला दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे ज्यांचा व्यापार परवान्यानंच होतो त्या यादीत, घेतलं आणि नदीतून पकडलेल्या माशांच्या व्यापारी निर्यातीचा कोटा शून्य ठेवला. एकाच कुळातला एक मासा कुठंही जगतो म्हणून धोका झाला आणि दुसरा एकाच ठिकाणी जगतो म्हणून धोक्यात आला.

धरणं, वळवलेलं पाणी हे आपल्याला काही परकं नाही. गोदावरीत आणि कृष्णेत सिलोनिया चिल्ड्रेनाय नावाचा चंदेरी कॅटफिश आहे, तो संकटग्रस्त यादीत आहे. शिंगाळा नदीच्या तळाशी खळगा करून अंडी घालतो, आणि ज्या वाळूत-गाळात तो खळगा करतो तीच आपण रात्रंदिवस हायवानं उपसून नेतोय. त्याचा व्हिडिओ कुणी फिरवत नाही.

काकांनी विचारलं, आता याचं काय करू, परत सोडू का? मी म्हणालो पाण्यात नको, दुसऱ्या तळ्यात पण नको. घरी टँकमधला मोठा झाला असेल तर दुकानदाराला परत द्यायचा, घेतात बरेच जण. आणि जाळ्यात आला तर दोन फोटो काढून ठेवायचे, एक पाठीवरचा पर उघडून आणि एक पोटाचा.

त्यानंतर काकांच्या नातवानं मला तीनदा फोटो पाठवलेत. दोन वेळा तोच, एकदा अकरा काड्या, एकदा बारा. तिसरा लांब मिशांचा, गुळगुळीत अंगाचा, वीतभर. गावातल्या पोरांनी राक्षसी मासा म्हणून काठावर फेकला होता. ते शिंगाळ्याचं पिल्लू होतं, फोटो पाठवायच्या आधीच नातवानं ते चप्पूवरून आत नेऊन खोल पाण्यात सोडलं होतं.