माणसाच्या वजनावर बेतलेली होडी

अंबाझरी तलावावर नौदल एनसीसीच्या छात्रांचा शिडाच्या होड्यांचा सराव चालू असताना काठावरून पाहिले, तर एक गोष्ट चटकन नजरेत भरते. वाऱ्याचा झोत आला की होडी एका अंगाला कलते, आणि त्याच क्षणी आतला छात्र विरुद्ध काठावर सरकतो, पाय आतल्या पट्ट्यात अडकवून पाठ थेट पाण्यावर झुकवतो. झोत ओसरला की पुन्हा आत येतो. पाहणाऱ्याला ही कसरत वाटते, पण आराखडा काढणाऱ्याने ती आधीच गृहीत धरलेली असते. शिडाच्या मोठ्या नौकेला उभे ठेवण्यासाठी तिच्या तळाशी शिसे किंवा लोखंड असते. छोट्या होडीत ते काम माणसाचे शरीर करते, आणि म्हणून अशा होडीची रचना समजून घ्यायची, तर सुरुवात बसणाऱ्याच्या वजनापासूनच करावी लागते.

एक साधे गणित करून पाहू. होडीवर ७५ किलोचा माणूस आहे आणि शीड ७ चौरस मीटरचे आहे. वारा ताशी २२ किलोमीटरने वाहत असेल, तर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे अडीच किलो वजनाएवढा जोर येतो, म्हणजे एकूण १७ किलो. हा जोर, होडीला आडवे सरकू न देणाऱ्या पाण्याखालच्या उभ्या फळीच्या मध्यापासून साधारण २.७ मीटर उंचीवर लागतो. तळाच्या रुंदीची मदत तूर्त सोडून दिली, तर तो पेलण्यासाठी माणसाच्या वजनाचा मध्य होडीच्या मधल्या रेषेपासून ६० सेंटिमीटरच्या आसपास बाहेर हवा. काठावर नीट बसले तरी भागते. वारा ताशी २९ किलोमीटर झाला की हेच अंतर एक मीटरच्या पुढे जाते, आणि होडीची निम्मी रुंदी ७० सेंटिमीटर असल्यामुळे अंग काठाबाहेर काढण्यावाचून गत्यंतर राहत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, माणसाचे वजन मात्र तेवढेच राहते. शीड किती मोठे करायचे, याची मर्यादा इथे ठरते.

नागपूरकरांसाठी यात एक वेगळी भर आहे. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे, आणि मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की हवा विरळ होते. समुद्रकिनाऱ्यावरच्या १५ अंशांच्या हवेशी तुलना केली, तर आपल्या भर दुपारच्या हवेची घनता दहा-बारा टक्क्यांनी कमी भरते, आणि तेवढ्याच प्रमाणात त्याच वेगाचा वारा शिडाला कमी रेटतो.

वजन आणि शीड यांचे हे नाते लेझर या होडीत फार स्पष्ट दिसते. कॅनडाचे ब्रूस कर्बी यांनी आराखडा काढलेली ही एकट्याने चालवायची फायबरची होडी १९७१ मध्ये बाजारात आली आणि १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. लांबी सुमारे ४.२ मीटर, रिकाम्या सांगाड्याचे वजन ५९ किलो, शीड ७ चौरस मीटर. म्हणजे चालवणारा होडीपेक्षा जड. हलक्या खेळाडूंसाठी होडी बदलली नाही, तर त्याच सांगाड्यावर आखूड डोलकाठी आणि ५.७६ चौरस मीटरचे शीड बसवले. भारताची नेत्रा कुमनन टोकियो ऑलिंपिकला याच प्रकारात उतरली. कारागिरीच्या दृष्टीने मला हा निर्णय अतिशय शहाणपणाचा वाटतो, कारण महागडा साचा एकच राहतो आणि स्वस्तात बदलता येणारा भाग तेवढा बदलतो.

पाण्याखाली मधल्या खाचेतून उभी सोडलेली फळी होडीला आडवे सरकू देत नाही. पाणी हवेपेक्षा आठशे पटींहून अधिक घन असल्याने एवढ्या मोठ्या शिडाला हातभर रुंदीची फळी पुरते. तळाचा आकारही विचारपूर्वक ठरवावा लागतो. होडी पाणी कापत जाते तेव्हा स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते, आणि पाण्यातली लांबी ३.८ मीटर असेल तर ताशी ९ किलोमीटरच्या आसपास ही अडचण येते. त्यापुढे जायचे तर लाटेवर चढून पाण्यावरून घसरत जावे लागते. त्यासाठी मागचा तळ सपाट आणि रुंद हवा, पण सपाट तळ मंद वाऱ्यात पाण्याला चिकटल्यासारखा रेंगाळतो. म्हणून पुढचा भाग निमुळता आणि मागचा सपाट, अशी तडजोड केली जाते.

असा सतत बदलत जाणारा बाक लाकडात उतरवणे कष्टाचे असते. फायबरमध्ये तो साच्यातूनच मिळतो. साच्याला मेण लावून आधी जेलकोटचा पातळ थर देतात, म्हणजे होडीची बाहेरची चकाकी सर्वांत आधी तयार होते. मग काचतंतूंची मॅट पसरून तीत रेझिन, म्हणजे पुढे घट्ट होणारा चिकट द्रव, मुरवतात आणि रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढतात. कोरडी मॅट पांढरी दिसते. रेझिन नीट मुरले की ती जवळपास पारदर्शक होते आणि राहून गेलेला बुडबुडा पांढऱ्या ठिपक्यासारखा उठून दिसतो. तो तिथेच दाबून काढला नाही, तर पुढे नेमक्या त्याच जागी कवच कमकुवत राहते.

नागपूरच्या उन्हाळ्यात हे काम भल्या सकाळी उरकावे लागते. रेझिनमध्ये ते घट्ट करणारे रसायन, म्हणजे हार्डनर, साधारण एक ते दोन टक्के घालतात, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की रेझिन घट्ट होण्याचा वेळ ढोबळमानाने निम्म्यावर येतो. शिवाय ही क्रिया स्वतःच उष्णता सोडते. पसरलेल्या थरातली उष्णता निघून जाते, पण बादलीतली आत कोंडते, आणि बादलीत जास्त वेळ राहिलेले रेझिन धुरकटून दगडासारखे होते. म्हणून दुपारी हार्डनर कमी घालून एका वेळी थोडेच रेझिन कालवतात.

वजन वाचवण्याची खरी युक्ती मात्र थरांच्या मांडणीत आहे. फायबरच्या ३ मिलिमीटर जाडीच्या भरीव पत्र्याचे दीड-दीड मिलिमीटरचे दोन थर केले आणि मध्ये १० मिलिमीटर हलका फोम ठेवला, तर वजन चौरस मीटरमागे किलोभरसुद्धा वाढत नाही, पण कागदावरच्या हिशेबात ताठरपणा चाळीस पटींहून अधिक होतो. मधला फोम थोडा सरकत असल्यामुळे प्रत्यक्षातला लाभ याहून कमी असतो, तरी पाय ठेवल्यावर डेक, म्हणजे होडीचा वरचा पृष्ठभाग, दबू नये, एवढा तो नक्कीच होतो.

फायबर पाण्यापेक्षा जड असते, त्यामुळे नुसत्या फायबरची होडी पाण्याने भरली तर बुडते. म्हणून डेक आणि तळ यांच्यामध्ये हवा कोंडून ठेवतात किंवा फोमचे ठोकळे बसवतात. उलटलेली होडी त्यामुळे तरंगत राहते आणि एकटा माणूस फळीवर उभा राहून ती सरळ करू शकतो. ही कोंडलेली हवा आपल्याकडे आणखी एका कारणाने लक्षात ठेवावी लागते. सकाळी २५ अंशांवर बूच लावून बंद केलेली होडी दुपारी ४५ अंशांपर्यंत तापली, तर आतली हवा सुमारे सात टक्के फुगू पाहते आणि डेकच्या सांध्यांवर ताण येतो. त्यामुळे काठावर ठेवलेल्या होडीचे मागचे बूच काढून ठेवावे, आणि पाण्यात ढकलण्याआधी ते परत घट्ट बसल्याची हाताने चाचपून खात्री करावी.