काल काय जेवलात आणि एरवी काय जेवता: रिकॉल आणि फूड फ्रिक्वेन्सीतला घोळ

विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमध्ये आणि नेत्रशिबिरांच्या अहवालांत एक वाक्य हमखास भेटतं: मॅक्युलर डीजनरेशन (डोळ्याच्या पडद्याचा, मधली नजर नेणारा आजार) असलेल्या ज्येष्ठांचा आहार चोवीस तासांच्या रिकॉलने तपासला आणि त्यातल्या इतक्या टक्के लोकांना ल्युटिन (पालेभाज्यांतलं, डोळ्याच्या पडद्यात साठणारं पिवळं रंगद्रव्य) कमी पडतं असं आढळलं. हे वाचलं की माझं डोकं फिरतं. एकदाच घेतलेल्या रिकॉलवरून कुणाला काय 'कमी पडतं' हे सांगताच येत नाही. शिवाय ल्युटिनची रोजची ठरलेली शिफारसच नाही, मग कमी म्हणजे कशापेक्षा कमी?

रिकॉल सगळ्यांना येतो. काल सकाळच्या चहापासून आज सकाळच्या चहापर्यंत पोटात काय काय गेलं ते वाटी-पळीच्या मापाने लिहून घ्यायचं आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या (एनआयएन) २०१७ च्या अन्नघटकांच्या तक्त्यांवरून हिशेब लावायचा. फूड फ्रिक्वेन्सी ही प्रश्नावली; तिच्यात पदार्थांची यादी आधीच तयार असते. प्रत्येक पदार्थ रोज खाता, आठवड्यातून खाता की सणावारी, एवढंच विचारायचं. कशाला किती वेळ लागतो नि किती कागद लागतात यावर पानंच्या पानं लिहिली जातात. ती सोडून देऊ.

फरक विचारला की ठरलेलं उत्तर येतं: 'म्हाताऱ्यांना आठवत नाही, म्हणून फ्रिक्वेन्सी घ्यायची.' घोळ इथेच आहे, कारण मुद्दा आठवणीचा नाहीच. अमळनेरकडच्या एखाद्या आजी घ्या, स्मरणशक्ती अगदी खणखणीत. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दुसऱ्या दिवशी विचारलंत तर त्या सांगतील: पुरणपोळी, आमरस, सांजोरी. पालेभाजीचा पत्ता नाही. त्याच आजींना पौषात विचारा: दादर ज्वारीची भाकर आणि ताटभर मेथी. दोन्ही उत्तरं शंभर टक्के खरी. आणि आजींच्या डोळ्यांना वर्षभरात काय मिळतं, हे दोन्हींतून कळत नाही.

असं होतं ते ल्युटिनच्या स्वभावामुळे. भाकर रोजची, म्हणून उष्मांकाचा अंदाज थोड्या दिवसांत बसतो. ल्युटिन मात्र मुख्यतः हिरव्या पाल्यात. पाला ताटात आला त्या दिवशी भरपूर, नाही आला तर जवळजवळ काहीच नाही. अमेरिकेत २९ माणसांनी वर्षभर रोजचं खाणं लिहून ठेवलं होतं. त्यावरून १९८७ मध्ये हिशेब मांडला गेला: एका माणसाची खरी सरासरी ठरावीक अचूकतेने काढायला उष्मांकासाठी सरासरी ३१ दिवस लागतात आणि व्हिटॅमिन एसाठी ४३३! ल्युटिनही व्हिटॅमिन एसारखंच, ठरावीक पदार्थांतून कधीतरी पण भरभरून मिळणारं. एका दिवसाच्या रिकॉलवर भरवसा टाकणाऱ्यांनी हा आकडा टेबलासमोर चिकटवून ठेवावा.

मग रिकॉल टाकाऊ का? मुळीच नाही. गावातल्या दोनशे लोकांचा रिकॉल वेगवेगळ्या वारी, वेगवेगळ्या ऋतूंत घेतला, तर एकाची आखाजी दुसऱ्याच्या मेथीने भरून निघते आणि गावाची सरासरी ठीक निघते. बिघडतो तो पसारा. एका दिवसात काही जण शून्यावर दिसतात, काही आभाळाला टेकतात आणि 'कमी खाणाऱ्यांची' टक्केवारी उगाच फुगते. अहवालात नेमकी तीच टक्केवारी ठळक अक्षरांत छापतात. निदान काही जणांकडून दुसऱ्या दिवसाचा रिकॉल घेतला, तर ही सूज गणिताने उतरवता येते. पण तेवढे कष्ट घेतो कोण!

फ्रिक्वेन्सी नेमकी उलटी. तिच्यातले मिलिग्रॅम फार मनावर घेऊ नयेत. कोण जास्त खातो आणि कोण कमी, ही उतरंड मात्र ती बऱ्यापैकी लावते, आणि आजाराशी संबंध शोधायला तीच लागते. पालकासारख्या भाज्या भरपूर खाणाऱ्यांत पुढच्या टप्प्याचं मॅक्युलर डीजनरेशन कमी दिसलं, हा १९९४ चा गाजलेला अमेरिकन अभ्यास फ्रिक्वेन्सीवरच उभा होता.

फक्त यादी आपली हवी. ब्रोकोली, केल, लेट्यूस असलेला फॉर्म धरणगावच्या आजोबांपुढे वाचताना विचारणाऱ्याला लाज कशी वाटत नाही कोण जाणे. आपल्याकडे मेथी, पोकळा, शेपू, अंबाडी, घोळ, शेवग्याचा पाला या सगळ्यांना वेगळ्या ओळी हव्यात. 'हिरव्या पालेभाज्या' अशी एकच ओळ चालायची नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडे मक्याची भाकर असेल तर मका पिवळा की पांढरा, हेही विचारा. झिॲक्सँथिन, म्हणजे ल्युटिनचंच भावंड असलेलं रंगद्रव्य, पिवळ्यात असतं, पांढऱ्यात जवळजवळ नसतंच. आणि कृपा करून गाजरावर अडकू नका. गाजर व्हिटॅमिन एसाठी, रातांधळेपणासाठी. पडद्याच्या मधोमध जो पिवळा रंग असतो तो ल्युटिन आणि झिॲक्सँथिनचा.

भरिताचं बघा. थंडीत शेतात भरिताची पार्टी झाली की रिकॉलमध्ये लिहिलं जातं: वांगी, तेल, शेंगदाणे, मिरची. त्यात पडलेली मूठ-दोन मुठी कांद्याची पात कुणी लिहीतच नाही. डोळ्यांच्या हिशेबाने त्या ताटात मोलाचं काही असेल तर ती पातच, आणि सोबतच्या तेलामुळे तिच्यातलं ल्युटिन अंगीही चांगलं लागतं. रिकॉल घेताना 'भरितात काय काय घातलं होतं?' असं खोदून विचारलं तर पात सापडते. फ्रिक्वेन्सीत मात्र तिची ओळ नसेल, तर ती कायमची हरवते.

नजरेचं वेगळंच. मधली नजर गेलेल्या माणसाच्या हातात बारीक अक्षरांचा फॉर्म देणं किंवा वाट्यांचे फोटो दाखवणं हा शुद्ध वेडेपणा. फॉर्म वाचून दाखवा, खरी वाटी हातात द्या, रांधणाऱ्या सुनेलाही बसवा, पण उत्तर आधी आजींचं घ्या. बऱ्याच जणी सुरुवातीला 'रोजनंच, भाकर नि भाजी' म्हणून मोकळ्या होतात. म्हणून पावसाळ्यात काय, थंडीत काय, उन्हाळ्यात काय, असं ऋतू धरून विचारा. दिसेनासं झाल्यावर भाजी निवडता येत नाही, म्हणून ती ताटातून जाते. अशा वेळी गेल्या वर्षाचा आहार हे आजाराचं कारण नसून परिणाम असू शकतो. 'नजर चांगली होती तेव्हा काय खात होता?' हा प्रश्न वेगळा ठेवायलाच हवा.

माझं मत सरळ आहे. ओपीडीत दहा मिनिटं असतील तर पालेभाज्या, मका आणि अंडी यांचीच छोटी, ऋतुवार फ्रिक्वेन्सी घ्या. गावाचं सर्वेक्षण असेल तर रिकॉल घ्या आणि काहींचा पुन्हा घ्या. एका रिकॉलवरून समोरच्या आजोबांना 'तुम्ही ल्युटिन कमी खाता' असं मात्र सांगू नका.

दोन्हींतून निसटते ती गोळी. 'काय खाल्लं?' या प्रश्नाचं उत्तर देताना औषध कुणी मोजत नाही. २०१३ च्या एआरईडीएस-२ या अमेरिकन चाचणीनंतरच्या डोळ्यांच्या गोळ्यांत दिवसाला १० मिलिग्रॅम ल्युटिन आणि २ मिलिग्रॅम झिॲक्सँथिन असतं. तेवढ्याने ताटातला सगळा हिशेब बाजूला पडतो. जुन्या प्रकारच्या गोळ्यांत बीटा-कॅरोटीन असतं आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत त्याने फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून पुढच्या खेपेला येताना गोळ्यांचं पाकीट घेऊन यायला सांगा आणि विडीचं त्याच वेळी विचारून घ्या.