लग्न न करता मूल दत्तक घ्यायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि प्रक्रिया

‘लग्न नाही, मग मूल कसं मिळेल?’ हा प्रश्न नातेवाईक विचारतात, कायदा विचारत नाही. बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 57 नुसार अविवाहित, विधवा, विधुर किंवा घटस्फोटित व्यक्ती एकटीने मूल दत्तक घेऊ शकते. स्त्रीला मुलगा किंवा मुलगी, दोन्ही चालतात. एकट्या पुरुषाला मात्र मुलगी मिळत नाही.

खरी अट वयाची. 2022 च्या दत्तक नियमावलीप्रमाणे दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी एकल पालकाचं वय जास्तीत जास्त 40 हवं. चार वर्षांपर्यंतच्या मुलासाठी 45, आठपर्यंत 50, त्यापुढे 55. शिवाय मूल आणि पालक यांच्यात किमान 25 वर्षांचं अंतर लागतं. वय नोंदणीच्या तारखेला मोजतात. तान्हं बाळच हवं असेल, तर चाळिशीच्या उंबरठ्यावर विचार करत बसू नका.

नोंदणी ‘कारा’च्या (केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, दत्तकाचं काम पाहणारी केंद्र सरकारची संस्था) पोर्टलवर ऑनलाइन होते. फोटो, पॅन कार्ड, जन्मतारखेचा आणि पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा, गंभीर आजार नसल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र, ओळखीच्या दोघांची शिफारसपत्रं. घटस्फोट झाला असेल तर कोर्टाचा हुकूमनामा, जोडीदार हयात नसेल तर मृत्यूचा दाखला.

एक कागद खास एकल पालकांसाठी: तुमचं बरंवाईट झालं तर मुलाला मी सांभाळीन, असं नातेवाइकाचं हमीपत्र. अनेकांचं इथेच अडतं, कारण हे पत्र मागायचं म्हणजे घरात आधी विषय काढायचा. सही देणारी व्यक्ती खरंच सांभाळेल अशी निवडा. नुसत्या नावापुरती सही घेऊ नका.

नंतर समाजसेवक घरी येऊन गृह अध्ययन अहवाल तयार करतात. तो तीन वर्षं ग्राह्य असतो. लग्न का केलं नाही, कामावर गेल्यावर मूल कोणाकडे राहणार, असे प्रश्न येतील. चिडू नका, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट तयार ठेवा. मग नोंदणीच्या ज्येष्ठतेनुसार थांबावं लागतं, आणि हा काळ लांबतो.

मुलाची माहिती पोर्टलवर आली की 48 तासांत त्याला राखून ठेवायचं असतं, त्यामुळे मोबाइल आणि ईमेलवर लक्ष हवं. दत्तकाचा आदेश सप्टेंबर 2022 पासून कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. मूल घरी आल्यावर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाठपुराव्याची भेट होते.