यूटा टीपॉट

संगणकावर त्रिमितीय चित्र काढण्याचे तंत्र तपासण्यासाठी जगभर वापरले जाणारे चहाच्या किटलीचे मॉडेल. 'न्यूएल टीपॉट' असेही त्याला म्हणतात. अमेरिकेतील यूटा विद्यापीठात संशोधक मार्टिन न्यूएल यांनी ते १९७५ मध्ये तयार केले.

त्या काळात सॉल्ट लेक सिटीतील या विद्यापीठात डेव्हिड इव्हान्स आणि आयव्हन सदरलँड या प्राध्यापकांभोवती संशोधकांचा असा काही गट जमला होता, की आज पडद्यावर दिसणाऱ्या कुठल्याही त्रिमितीय चित्राच्या मुळाशी गेले तर बहुधा यांच्यापैकीच कोणाचे तरी नाव सापडते. सपाट तुकड्यांनी बनलेली वस्तू गुळगुळीत दिसावी यासाठी आंरी गूरो यांनी १९७१ मध्ये छटा मिसळण्याची रीत दिली. बुई तुओंग फाँग यांनी तिच्यात चकाकीची भर घातली. एड कॅटमल यांनी १९७४ मध्ये वस्तूच्या पृष्ठभागावर चित्र चिकटवण्याची युक्ती काढली. तंत्रे येत होती, पण ती लावून बघायची कशावर? गोल आणि घन यांवर काही कळत नाही. विद्यार्थ्यांनी १९७२ मध्ये सदरलँड यांच्या घरच्या फोक्सवॅगन बीटल गाडीवर रेघा आखून ती हाताने मोजून काढली होती, पण ते काम वेळखाऊ होते आणि हाती आलेली गाडी सपाट तुकड्यांचीच होती.

न्यूएल यांना वक्र पृष्ठभागाची रोजच्या वापरातली वस्तू हवी होती. घरी चहा चालला असताना त्यांच्या पत्नी सँड्रा यांनी समोरचेच भांडे सुचवले. मेलिटा या जर्मन कंपनीची ही पांढरी किटली शहरातल्याच दुकानातून घेतलेली होती. न्यूएल यांनी ती आलेखाच्या कागदावर नजरेच्या अंदाजाने रेखाटली आणि मग प्रयोगशाळेत जाऊन बिंदूंचे अंक संगणकात भरले. सोबत कप, बशी आणि चमचाही केला होता. त्यांची आठवण आज फारशी कोणी काढत नाही.

वक्र उतरवण्याची रीत मोटारींच्या कारखान्यातली आहे. रेनो कंपनीतील अभियंते पिएर बेझिए यांनी गाड्यांच्या पत्र्याचे आकार गणितात बसवण्यासाठी ती रूढ केली. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो यांनी ती त्याआधीच शोधली होती, पण कंपनीने ती बाहेर येऊ दिली नाही. या रीतीत पृष्ठभागाचा एकेक तुकडा सोळा नियंत्रण बिंदूंनी, म्हणजे त्याचा वळसा ठरवणाऱ्या बिंदूंनी, ठरतो. न्यूएल यांच्या किटलीत असे २८ तुकडे होते आणि तिला बूड नव्हते. ते पुढे कोणीतरी जोडले, तेव्हा ३२ तुकडे आणि ३०६ बिंदू झाले. एवढे अंक कागदाच्या एक-दोन पानांत मावतात. न्यूएल यांनी ते कोणालाही मोकळेपणाने दिले. किटलीच्या प्रसिद्धीचे श्रेय तिच्या रूपापेक्षा या मोकळेपणाला जास्त द्यायला हवे.

रूपही कामाचे आहेच. पोट फुगीर, कानातून आरपार मोकळी जागा, तोटी आत-बाहेर वळलेली. कानाची आणि तोटीची सावली तिच्याच पोटावर पडते, त्यामुळे सावलीचे गणित चुकले की लगेच दिसते. झाकणाच्या घुंडीचे टोक तर खास परीक्षेचे. तिथे तुकड्यांची एक कड आक्रसून एकाच बिंदूत जमा होते, तिथला पृष्ठभाग कुठल्या दिशेला तोंड करून आहे हे नेहमीच्या सूत्राने निघत नाही, आणि प्रोग्राम निष्काळजीपणे लिहिला असेल तर टोकावर काळा ठिपका उमटतो.

पडद्यावरची किटली मूळ भांड्यापेक्षा बुटकी आहे. खरे भांडे सुमारे एकतृतीयांशाने उंच. न्यूएल यांचे सहकारी जिम ब्लिन यांनी एका प्रात्यक्षिकात ती उभ्या दिशेने दाबून दाखवली, तो आकार सगळ्यांना आवडला आणि तोच जपून ठेवला गेला. त्या काळच्या पडद्याचे ठिपके चौरस नव्हते म्हणून ती चपटी झाली, ही गोष्ट अधिक पसरली असली तरी ब्लिन यांनी स्वतः सांगितलेले कारण त्या प्रात्यक्षिकाचे आहे. मूळ भांडे आता कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू येथील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये आहे.

पुढे किटली हा या क्षेत्रातला घरचा विनोद झाला. पाच प्लेटोनिक घनाकृतींच्या, म्हणजे सगळ्या बाजू एकसारख्या असलेल्या घन आकारांच्या, पंगतीला सहावी म्हणून तिला बसवले गेले. थ्रीडीएस मॅक्स या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये घन, गोल, शंकू यांच्याबरोबर किटलीचेही बटण आहे. विंडोजच्या जुन्या 'पाइप्स' स्क्रीनसेव्हरमध्ये नळ्यांच्या सांध्यावर ती क्वचित डोकावत असे.

थरावर थर रचून खरी वस्तू बनवणारे थ्रीडी प्रिंटिंग आले तेव्हा मात्र ही किटली उणी पडली. चक हल यांना द्रवरूप राळेवर प्रकाश टाकून थर घट्ट करण्याच्या पद्धतीचे पेटंट १९८६ मध्ये मिळाले. अशा कुठल्याही यंत्राला प्रत्येक थरात वस्तूची आतली बाजू कुठली आणि बाहेरची कुठली हे नक्की कळावे लागते. न्यूएल यांच्या किटलीच्या भिंतीला जाडीच नाही. तोटी आणि कान पोटाला नुसते भोसकलेले आहेत, आणि तोटीच्या मुळाशी पोटाला भोकही नाही. झाकण आणि काठ यांच्यात फट आहे. चित्रात यातले काहीच नजरेला येत नाही. ती छापायची तर भिंतींना आतून जाडी द्यावी लागते, तोटीसाठी पोटात वाट करावी लागते आणि झाकण वेगळे छापावे लागते. एवढे करून नेहमीच्या पीएलए प्लास्टिकमध्ये काढली, तरी ते प्लास्टिक साधारण ६० अंश सेल्सिअसलाच मऊ पडू लागते. उकळता चहा तिच्यात ओतण्यात अर्थ नाही.

चाचणीच्या वस्तू आता इतरही आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९४ मध्ये मातीच्या सशाचे स्कॅनिंग करून ६९,४५१ त्रिकोणांचे मॉडेल बनवले गेले. प्रिंटरची पारख करण्यासाठी २०१५ मध्ये एका स्वीडिश कंपनीने 'थ्रीडीबेंची' ही छोटी बोट आणली. तिच्या कमानी, पुढचे तिरके टोक आणि बारीक भोके यंत्राची खोड पकडण्यासाठीच योजलेली आहेत.