हृदयाचे पूर्वानुकूलन

हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा काही मिनिटांपुरता तुटून पुन्हा सुरू झाला, की त्यानंतरचा मोठा आघात तो स्नायू अधिक चिवटपणे सोसतो. या गुणाला पूर्वानुकूलन किंवा इस्केमिक प्रीकंडिशनिंग म्हणतात.

मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी १९८६ साली कुत्र्यांवरील प्रयोगातून तो दाखवला. हृदयाची एक धमनी ५ मिनिटे बंद, ५ मिनिटे खुली, असे चार वेळा करून मग ती सलग ४० मिनिटे बंद ठेवली. दर खेपेला इजा साचत जाईल, असे कोणालाही वाटले असते. घडले उलटेच. पूर्वतयारी न झालेल्या हृदयांच्या मानाने मृत स्नायूचा भाग जेमतेम चतुर्थांश भरला! मात्र धमनी तीन तास बंद ठेवल्यावर हा फायदा उरला नाही. म्हणजे पूर्वानुकूलन पेशीचे मरण टाळत नाही, लांबवते. धमनी वेळेत मोकळी झाली तरच त्या मुदतीचा उपयोग.

रक्त अडले की पेशींतून ॲडिनोसिन, ब्रॅडिकायनिन असे पदार्थ सुटतात आणि पेशीपटलावरील ग्राहींमार्फत (संदेश टिपणाऱ्या प्रथिनांमार्फत) प्रोटीन कायनेज सी हे विकर जागे करतात. या संदेशांचा शेवट मायटोकॉन्ड्रिया या पेशीतील ऊर्जाकेंद्रांपाशी होतो. रक्त परतते त्या पहिल्या काही मिनिटांत मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणात मोठे छिद्र उघडते आणि पेशी मरते. तयार झालेल्या पेशीत ते सहजी उघडत नाही. हे संरक्षण एक-दोन तासांत ओसरते. सुमारे २४ तासांनी नव्या प्रथिनांच्या बळावर ते पुन्हा येते आणि दोन-तीन दिवस टिकते, पण पहिल्याइतके जोरकस नसते.

माणसात याची खूण अँजिओप्लास्टीच्या, म्हणजे अरुंद धमनी फुग्याने रुंद करण्याच्या उपचाराच्या, टेबलावर दिसते. धमनीत फुगा दुसऱ्यांदा फुगवला, की छातीतली कळ आणि ईसीजीतील बदल बहुधा पहिल्या वेळेपेक्षा कमी असतात. म्हणून वारंवार छातीत दुखणे हा हृदयाचा सराव समजून अंगावर काढणे मात्र घातक आहे.

दंडाला पट्टा आवळून तिथले रक्त थोडा वेळ अडवले, तर दूरवरच्या हृदयाला असेच तयार करता येईल, ही आशा मोठी होती. २०१५ मध्ये हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांवरील दोन मोठ्या चाचण्यांत आणि २०१९ मध्ये हृदयविकाराच्या झटक्याच्या पाच हजारांहून अधिक रुग्णांवरील चाचणीत फायदा आढळला नाही. प्रयोगशाळेतले प्राणी बहुधा तरुण आणि निरोगी असतात. रुग्ण वयस्कर, अनेकदा मधुमेही आणि औषधांवर असतात. ग्लिबेनक्लामाइड हे मधुमेहाचे जुने औषध तर या संरक्षणाला लागणाऱ्या पोटॅशियम वाहिन्याच (पेशीतील पोटॅशियमच्या ये-जा करण्याच्या वाटा) बंद करते.