कॅम्पबेल आले, ओहो ओहो: एका स्कॉटिश जिगची, म्हणजे नाचाच्या धुनेची, पार्श्वभूमी

1716 सालची सुरुवात. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या डंडी शहरात सैन्य शिरलं. लोकांना वाटलं, ही मारच्या अर्लची माणसं, म्हणजे स्टुअर्ट घराण्याला गादीवर बसवू पाहणारे जॅकोबाइट. हायलँडर, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातले लोक, दोन्ही बाजूंना असल्यामुळे गोंधळ होणं साहजिक होतं. पण तुरुंगातल्या काही कैद्यांनी पहिल्या तुकडीच्या पाइपवरची, म्हणजे बॅगपाइपवरची, धून ओळखली आणि खिडकीतून तिचे शब्दच गायला लागले: 'द कॅम्पबेल्स आर कमिंग, ओहो, ओहो!' गावातल्या जॅकोबाइटांचे चेहरे पडले. आलेलं सैन्य होतं आर्गाइलच्या ड्यूकचं. हा कॅम्पबेल कुळाचा प्रमुख आणि लंडन सरकारचा सेनापती. पाद्री-इतिहासकार रॉबर्ट वॉड्रो यांच्या पत्रव्यवहारात हा प्रसंग सापडतो.

याचा अर्थ, तेव्हाही ही धून शब्दांसकट लोकांच्या तोंडी होती. ती आली कुठून? हायलँडरांच्या गेलिक भाषेत तिचं नाव 'इन्व्हररेरी गाव' असं आहे. इन्व्हररेरी हे कॅम्पबेलांचं ठाणं. पण गेलिक शब्दांत लढाई नाहीच. आहे ती तिथल्या एका लग्नाची तक्रार: असलं वाईट लग्न जगात कधी झालं नसेल! वऱ्हाडी मंडळींची कुरकुर पुढे रणगीत झाली, हे मला फार आवडतं.

दुसरी दंतकथा स्कॉट्सची राणी मेरी हिच्याशी जोडलेली आहे. 1567 मध्ये तिला लॉख लेव्हनच्या किल्ल्यात कोंडलं, त्यावरून हे गाणं झालं म्हणतात. कवी रॉबर्ट बर्न्सच्या हातून 1790 मध्ये 'स्कॉट्स म्युझिकल म्युझियम' या गीतसंग्रहाच्या तिसऱ्या खंडात जे शब्द छापले गेले, त्यांत लॉख लेव्हनचा उल्लेख आहे खरा. पण पुढे लगेच 'थोर आर्गाइल' तोफा गरजवत येतो. राणीचा पत्ताच नाही. मला तरी हे शब्द जॅकोबाइटांच्या 1715 च्या उठावाचेच वाटतात.

फिडलवाल्यांनी ही धून रणांगणावरून नाचघरात आणली. (फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, फक्त गज चालवण्याची धाटणी लोकसंगीताची.) 1745 च्या सुमारास लंडनच्या वॉल्श या प्रकाशकाने नाचाच्या धुनांच्या संग्रहात ती 'हॉब ऑर नॉब' या भलत्याच नावाने छापली. पुढे एडिनबराच्या रॉबर्ट ब्रेमनरच्या संग्रहात ती कॅम्पबेलांच्या नावावर परत आली.

जिगचा ठेका सहा मात्रांचा, तीन-तीनचे दोन भाग. दादरा डोक्यात ठेवून ऐका, चटकन पकडता येतो. फरक असा, की दादऱ्यात चौथ्या मात्रेवर 'खाली' (टाळी नसलेली मात्रा) येते, जिगमध्ये मात्र नाचणाऱ्याचा पाय पहिल्या आणि चौथ्या, दोन्ही मात्रांवर पडतो. बॅगपाइपला सूर जेमतेम नऊ, त्यामुळे पाइपवरची अशी धून फिडलच्या पल्ल्यात अगदी आरामात बसते.

आता लखनऊ. 1857 मध्ये रेसिडेन्सीला वेढा पडला होता. डिसेंबरात ब्रिटिश वृत्तपत्रांत एक पत्र झळकलं: वेढ्यात अडकलेली जेसी ब्राउन ही स्कॉटिश बाई तापाने अर्धवट झोपेत असताना दचकून उठते, 'ऐकू येत नाही का तुम्हाला?' म्हणते. इतर कुणालाही ऐकू येण्याआधी तिला मदतीला येणाऱ्या हायलँडरांचे पाइप ऐकू आलेले असतात आणि ती ओरडते, कॅम्पबेल येताहेत! इतिहासकार ही कथा बनावट मानतात. डंडीच्या कैद्यांनी जे केलं, तेच इथे जेसीच्या नावावर खपवलेलं. नोव्हेंबरात लखनऊला पोचलेल्या फौजेचा सेनापती सर कॉलिन कॅम्पबेल होता, तेव्हा नावाचा मेळही आयता जमला. गंमत म्हणजे त्याचं जन्माचं आडनाव मॅक्लिव्हर. कॅम्पबेल हे आईकडचं.

पत्र छापून तीन महिने होतात न होतात तोच, फेब्रुवारी 1858 मध्ये, नाटककार डायन बूसिकॉने न्यूयॉर्कच्या रंगमंचावर जेसीचं नाटक आणलं. जेसी झाली त्याची बायको ॲग्नेस रॉबर्टसन, मूळची एडिनबराची. खलनायक म्हणून त्याने चक्क बिठूरच्या नानासाहेब पेशव्यांना उभं केलं. ते काम करायला कोणी नट तयार होईना, म्हणून बूसिकॉ स्वतःच नानासाहेब झाला, असं सांगतात. पडदा पडता पडता हायलँडर येतात, आणि पाइपवर असते तीच, इन्व्हररेरीच्या फसलेल्या लग्नाची धून.